वेचणीतला वाघ

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायला लागले की यवतमाळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या होतात. कापसाच्या गाड्या वरपर्यंत भरून निघतात, फांद्या त्यांना ओरबाडतात आणि काट्याकाट्यावर थोडा कापूस अडकून राहतो. बघणाऱ्याला बरं वाटतं, हंगाम लागला म्हणून. मला तसं वाटत नाही. माझी बोटं वळवळायला लागतात. एका जागी बसवत नाही. चहा ठेवते आणि विसरते, खिडकी उघडते, लावते, परत उघडते.

या दिवसांत माझ्या टेबलावरची क्लेसुद्धा नीट वागत नाही. पॉलिमर क्लेचा स्वभावच असा आहे की ती हवेत वाळत नाही. भट्टीत भाजेपर्यंत मऊच राहते आणि मऊ आहे तोवर जे उडत येईल ते अंगाला लावून घेते. धूळ, केस, ओढणीचा धागा. वेचणीच्या दिवसांत तर हवेतच कापूस असतो. काळ्या क्लेचं मुंगसाचं नाक करावं, छान गोल जमावं, आणि उजेडात धरलं की त्यावर एक पांढरा तंतू. सुईच्या टोकानं तो काढायचा. स्पिरिटनं पुसायचं म्हटलं तर बोळाही कापसाचाच, एक तंतू काढताना दोन सोडून जातो.

मी मुंडकी करते. असं म्हटलं की ऐकणारा दचकतो, म्हणून खुलासा करते, प्राण्यांची, पाखरांची, बोराएवढी. फार तर सुपारीएवढी. आत चुरगळलेल्या फॉइलची गोळी, वरून क्लेचा थर, मग कोरणं. पिंगळा, मुंगूस, खार, सरडा, पाल. पाल कोणी घेत नाही, पण मला आवडते. बाबा सुरुवातीला चष्मा वर करून बघायचे आणि म्हणायचे, "हे प्लास्टिकच्या मातीचं ठीक आहे. पण धड काहून करत नाही तू कोणाचं?"

"मला तोंडच जमतं बाबा."

ते खरंच आहे. बारा वर्षं मी दातांच्या लॅबमध्ये काम केलं. डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे आणि आम्ही मेणात दात कोरायचो. दाढेवरचे उंचवटे, त्यांच्यामधल्या घळी, पुढच्या दाताची किंचित झिजलेली कड. कितीतरी लोकांची तोंडं मी आतून ओळखते, चेहरे मात्र कधी पाहिले नाहीत. मग लॅबमध्ये यंत्र आलं. दात संगणकाच्या पडद्यावर काढायचा आणि यंत्रानं तो कोरून बाहेर द्यायचा. मालक भला माणूस. म्हणाले, "काही महिने थांबा ताई, काम वाढलं की बोलावतो." घरी आले तेव्हा पिशवीत माझी हत्यारं होती, मेण कोरायच्या सळया, बारीक चमचे, पाती. हातांना कोणी सांगितलं नव्हतं की काम थांबलं आहे. ते भाजी निवडताना भेंडीवर नक्षी काढायचे. क्ले मागवली ती या हातांना गप्प करायला.

त्याच वर्षीच्या हंगामाबद्दल सांगायचं आहे.

वच्छलाआत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. राळेगाव तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. मामंजी, म्हणजे तिचे यजमान, वारून बरीच वर्षं झाली आहेत. मुलगा पुण्याला कंपनीत आहे. आत्या दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाते आणि ते ती असं सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं शेत तिचंच आहे आणि मालक तिच्या परवानगीनं येतो. कापूस वेचण्यात तिचा हात धरणारी गावात एकच, पंचफुलामावशी. दोघी एका वर्षी लग्न होऊन त्या गावात आलेल्या. तीसेक वर्षं त्यांचे तास शेजारी शेजारी राहिलेले, एका ओळीवर ही, लगतच्या ओळीवर ती, आणि मध्ये न संपणाऱ्या गप्पा.

बातमी फोनवर आली. नाल्याकाठच्या शेतात वाघ आला. पंचफुलावर पडला. खांदा फाडला. वच्छला बरोबर होती, ती वाचली. पंचफुलाला यवतमाळच्या दवाखान्यात आणलं आहे, जीव वाचेल. बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी रिकामी होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसले. पिशवीत दोन ड्रेस, स्वेटर आणि क्लेचा डबा.

डबा का घेतला, हे आज नीट सांगता येतं. तेव्हा स्वतःला सांगितलं की हात रिकामे राहू नयेत म्हणून.

आत्याच्या ओसरीवर माणसंच माणसं होती. वनखात्याचे लोक येऊन गेले होते, नाल्याकाठच्या झाडांना कॅमेरे बांधून गेले होते. शेजारच्या गावांतले लोक मोटारसायकलींवर येत होते. "जयभीम वच्छलाबाई," म्हणत कोणी टेकायचा आणि लगेच विचारायचा, "केवढा होता वो?" आत्या सांगायची. उभी राहून सांगायची. "इथून त्या बाजेपर्यंत. बस, एवढ्यावर. तुरीतून निघाला. मिशा अशा. मले पाह्यलं त्यानं. डोळ्याले डोळा भिडला माह्या." बायका तोंडावर पदर घ्यायच्या. कोणीतरी मोबाइल समोर धरायचं. आत्या परत पहिल्यापासून सांगायची.

लोक गेले की मात्र तिला बसवायचं नाही. कडी लावायची, काढून परत लावायची. चुलीवरचं भांडं उतरवायची, रिकामंच होतं म्हणून परत ठेवायची. मी म्हणायचे, "बैस ना आत्या." ती म्हणायची, "बसून कायले राहू? कामं पडली नाहीत का?" कामं नव्हतीच. शेतात ती जात नव्हती. गावातली अर्धी वेचणी तशीच उभी होती, बोंडं फुटून कापूस खाली लोंबायला लागला होता आणि बायका एकमेकींकडे बघत होत्या, तू जाशील का म्हणून.

आठवड्यानं पंचफुलामावशी दवाखान्यातून घरी आली. तिचं घर आत्याच्या घरापासून पाचवं. साऱ्या गावानं त्या दाराशी चपला काढल्या. आत्या गेली नाही. "लय गर्दी असंल," म्हणाली. नंतर म्हणाली, "मले खोकला हाये, तिले लागंल." नळावर जायला ती मागच्या बोळानं वळसा घालायला लागली. मला ते दिसत होतं. दिसूनही मी त्याचा अर्थ लावत बसले नाही, कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं.

मला वाघ हवा होता.

हे लिहिताना आजही कान गरम होतात. पण तसंच होतं. आतापर्यंत मी केलेले सगळे प्राणी मी पाहिलेले होते. पिंगळा आमच्या समोरच्या विजेच्या खांबावर बसतो, मुंगूस मोकळ्या प्लॉटमधून पळतं. वाघाचे फोटो कितीही मिळतात, पण फोटोतला वाघ कोणाकडेच बघत नसतो. आणि इथे माझ्या घरातलं माणूस होतं, ज्याच्या डोळ्याला त्याचा डोळा भिडला होता. मी पहाटे उठायचे ती मनात उकळी घेऊनच. थंडीनं क्ले दगड झालेली असायची. ती मुठीत धरून, काखेत धरून ऊब द्यायची, मग मळायची. नारिंगी, पांढरी, काळी. ओसरीवर उन्हाचा पट्टा आला की बसायचं आणि आत्या दिसली की विचारायचं.

"आत्या, कान कसे होते त्याचे? उभे, की मागं पडलेले?"

"उभे."

"आणि डोळे? रंग?"

"हिरवे."

मी हिरवे केले. ती बघून म्हणाली, "हा नाही." दुसऱ्या दिवशी म्हणाली, डोळे लाल होते, अंगारासारखे. कान मागं होते. मी लाल केले. "हा नाही वं." तिसऱ्या वेळी म्हणाली, मांजरीसारखे होते, उभी चीर.

"नाही गं आत्या," मी म्हटलं. "वाघाच्या बाहुल्या गोल असतात. मांजरीसारख्या नसतात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा सळईनं ओठ कोरत होते, मान वर केली नाही. दात मला जमले होते. वरचे सुळे, खालचे सुळे, मधले बारीक सहा. असे दात मी कुणाही माणसाला दिले नव्हते. डोळेच तेवढे बसत नव्हते. आणि मी, बारा वर्षं साच्यांशी झटलेली बाई, मला वाटत होतं की साचाच नीट घेतला गेला नाही. अजून एकदा विचारावं. नीट विचारावं.

त्या दुपारी ओसरीवर आम्ही दोघीच होतो. ती तुरीच्या शेंगा सोलायला बसली होती, निदान तसं दाखवत होती. मी तिच्यासमोर पाट ओढला आणि चौथा वाघ तिच्या तळहातावर ठेवला. भाजलेला नव्हता, भट्टी यवतमाळला घरी होती.

"आता बघ. डोळे पिवळे केलेत, बाहुली गोल. हाच होता का? नीट आठव. त्यानं मान खाली केली होती का वर? तो आधी कोणाकडे बघत होता? तुझ्याकडे, का मावशीकडे?"

आत्यानं मूठ मिटली.

जोर लावून नाही. हळूहळू, जशी पोळीची कणीक दाबावी. बोटांच्या फटीतून नारिंगी क्ले बाहेर आली, तिच्यामागून काळी. आतली फॉइलची गोळी करकरली. मग तिनं मूठ उघडली आणि तो गोळा शेंगांच्या सुपात ठेवला.

"मी पाह्यलाच नाही त्याले," ती म्हणाली.

मी सुपातल्या गोळ्याकडे पाहिलं.

"तू डोळे इचारते, कान इचारते. मले काय ठावूक? तुरीत खसखस झाली. पंचफुला वरडली. बस. मी पळाली. ओटीतला कापूस सांडत पळाली. एकडाव मांगं पाह्यलं तं पऱ्हाटीच्या वर एक हात दिसला, हिरव्या बांगड्यांचा. तिचा हात. वाघ नाही दिसला. मी वळली नाही." तिनं शेंग उचलली, सोलली नाही. "लिंबाखाली बाकीच्या बाया जेवत होत्या. तिथं गेली तं माह्या तोंडातून आवाज निघंना. त्यांनी तिचंच वरडणं ऐकलं. डबे वाजवत त्याच धावल्या. मी लिंबाले धरून उभी होती."

"मग सगळ्यांना का सांगितलंस?"

"पहिल्यानं ज्यानं इचारलं, त्यानं 'कसा होता' असं इचारलं. 'तू काय केलं' असं इचारलं असतं तं सांगतलं असतं." जरा थांबून म्हणाली, "नसतं सांगतलं. खोटं कायले बोलू."

ऊन ओसरीच्या कडेला सरकलं होतं. समोरच्या घराच्या कौलांवर कबुतरं फिरत होती. मी माझे हात मांडीखाली घालून बसले. त्या हातांची मला तेव्हा जितकी लाज वाटली तितकी कशाची वाटली नसेल. तीन आठवडे एक बाई माझ्यासमोर कडी लावत होती, काढत होती आणि मी तिला बाहुल्यांचा आकार विचारत होते. एखाद्या कलेची आवड असली की आपण जास्त बारकाईनं बघतो असा माझा समज होता. खरं म्हणजे मी तेवढंच बघत होते जे मला करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं कोणी न सांगता नवं लुगडं नेसलं. "चाल," म्हणाली. मागच्या बोळानं नाही, रस्त्यानंच. पाच घरं. त्या पाच घरांत तिनं तीनदा पदर सारखा केला, एकदा थांबली, मला वाटलं वळते. वळली नाही.

पंचफुलामावशी अंगणात उन्हाला बाजेवर बसली होती. खांद्यापासून कोपरापर्यंत पट्टी, चेहरा सुकलेला, पण नजर तीच, लहानपणी आमच्या चोऱ्या पकडणारी. तिनं आत्याला पाहिलं. सुनेनं चटई टाकली. आत्या बसली नाही. उभ्यानंच बोलून गेली, एका दमात, जसं मला सांगितलं तसं. हात दिसला, वळली नाही, आवाज निघाला नाही. वाघ पाहिला म्हणून गावभर सांगितलं, तेही.

"मीबी नाही पाह्यला," पंचफुलामावशी म्हणाली.

आत्या बघतच राहिली.

"मांगून आला तो. मले धक्का बसला तं वाटलं, तूच ढकललं. चेष्टा करून राह्यली म्हणून. 'सर वं' म्हणणार होती मी, तं तोंडात माती गेली." ती हसली. हसताना खांदा दुखला असावा, कारण हसू मधेच तुटलं. "तू पळाली ते बरं केलं. थांबली असती तं दोघी पडलो असतो. मीबी पळाली असती. त्याचं मले काही नाही."

आत्याचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. पण मावशीचं बोलणं संपलं नव्हतं.

"पण एकवीस दिवस झाले वच्छला. ज्यायचं तोंड पाह्यलं नोतं तेबी येऊन गेले. मी दाराकडं पाहू पाहू थकली. तू पाचव्या घरात. तू काहून नाही आली?"

आत्या चटईवर बसली आणि चटईच्या काड्या मोडायला लागली. सून आत गेली. मी कुठे बघावं ते न कळून ओसरीच्या तुळईला टांगलेल्या कणसांकडे बघत राहिले. कोंबडी चटईवर चढली, उतरली.

शेवटी पंचफुलामावशीच म्हणाली, "केस इंचरून दे. हात वर जात नाही माह्या. सून लय वढते."

आत्या उठून तिच्या मागे बसली. फणी घेतली. पहिल्यांदा फणी केसांत शिरेना. मग शिरली. गुंता मोठा होता, दवाखान्यापासूनचा. ती खालून वर, थोडा थोडा सोडवत गेली. कोणी माफ केलं, कोणी केलं नाही, असं काही बोलणं झालं नाही. वेणी घालून झाली तेव्हा मावशी एवढंच म्हणाली, "घट्ट झाली." आत्यानं ती सोडली आणि परत घातली.

त्यानंतरही लोक यायचे. "वच्छलाबाई, केवढा होता?" आत्या सांगायची, "मी नाही पाह्यला." त्यांचे चेहरे उतरायचे. कोणी म्हणायचं, धसका घेतला बाईनं, आठवण पुसली गेली. एकानं तर तिलाच तिची जुनी हकीकत ऐकवली, मिशांसकट. खोटा वाघ गावाला इतका आवडला होता की खरं बोलून तो जाईना. तो आजही तिथे फिरतो, आत्याच्या डोळ्याला डोळा भिडवून. कॅमेऱ्यात आलेला वाघ पुढे वणीच्या बाजूच्या जंगलाकडे निघून गेला म्हणतात. या खोट्या वाघाचं मात्र काही करता येत नाही.

मी परत आले. लॅबनं काही महिन्यांनी बोलावलं. यंत्र दात कोरतं, पण शेजारच्या दाताशी त्याचा रंग जुळवणं, थोडा डाग, थोडी झीज ठेवणं अजून हातानंच होतं. मुंडकीही करतेच. मेळ्यात मांडली की लोक हमखास वाघ मागतात. या जिल्ह्यात आणखी काय मागणार? मी म्हणते, जमत नाही. ते दातांकडे बघतात, मुंगसाच्या, रानमांजराच्या, आणि त्यांना खोटं वाटतं. कधी कधी क्ले मळता मळता नारिंगीत काळी मिसळते आणि तसा गोळा हातात आला की मी तो डब्यात ठेवून देते, उठते, खिडकी उघडते. एक प्रश्न माझा मलाच विचारत राहते. आत्यानं मूठ मिटली नसती तर मी थांबले असते का? पाचवा केला असता. सहावाही. आणि एखादे दिवशी तिनं कंटाळून "हाच" म्हटलं असतं, तर मी तो घरी आणून भाजला असता, टणक केला असता, कोणाला तरी दिला असता.

गेल्या रविवारी गावाला गेले होते. घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, दोघी वेचायला गेल्यात, नाल्याकाठच्याच शेतात. मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधाबांधानं गेले. सकाळचं ऊन कोवळं होतं, दव अजून वाळलं नव्हतं, चपला चिखलानं जड झाल्या. लांबून मला एकच बाई दिसली. जवळ गेल्यावर दुसरी. पंचफुलामावशीचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. म्हणून दोघी शेजारचे तास घेत नाहीत, एकच घेतात. वरची बोंडं आत्या वेचते, खालची मावशी. एक वाकलेली, एक ताठ, एकाच झाडाशी. असं वेचायला वेळ दुप्पट लागतो, म्हणून मुकादम कुरकुरतो, असं आत्यानंच सांगितलं. सांगताना तिचे हात थांबले नव्हते.

"भीती नाही वाटत इथं?" मी विचारलं.

"वाटते ना," आत्या म्हणाली. "रोज वाटते. तुले काय वाटलं, गेली?"

"मग?"

"मंग काय. येतो."

मी धुऱ्यावर उभीच होते. काय करावं ते सुचेना. मागे तूर होती, उंच, पिवळ्या फुलांची, आणि तिच्यात काय आहे ते दिसत नव्हतं. मी दोनदा वळून पाहिलं. मावशीनं खालूनच विचारलं, "उभी काय राह्यली वं? हाताले काम नाही का?" मग मी ओढणी कमरेला बांधली, तिची ओटी केली आणि त्यांच्या तासात शिरले. दात कोरणाऱ्या बोटांना कापूस वेचता येत नाही, हे पहिल्या चार बोंडांतच कळलं. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचतात. कापूस निघतो तो अर्धाच, बरोबर काडीकचरा येतो. मी एकेक बोंड निरखून, तंतू तंतू काढत बसले आणि बघता बघता त्या दोघी दहा-बारा झाडं पुढे गेल्या.

पंचफुलामावशी थांबली. कमरेवर डावा हात ठेवून, सावकाश सरळ होऊन, तिनं वळून पाहिलं.

"दोन बोंडं सुटली तं सुटू दे," ती म्हणाली. "पण मांगं नोको राहू. बरोबर चाल."